डायलिसिसचा थकवा मुकाट सोसू नका

माझे काका डायलिसिसहून परत आले की ओट्यावर टेकायचे. पाऊण तास, कधी तासभर पायातल्या चपला तशाच. काकू म्हणायच्या, "अहो, चपला तरी काढा." काका नुसते बघायचे. वाकून चपलेचा पट्टा सोडवण्याइतकंही त्राण अंगात नसायचं, आणि तसं सांगण्याचंही नसायचं. हा माणूस नांदगावातल्या सुपारीच्या वाडीत चाळीस वर्षं राबलेला, पाटाचं पाणी फिरवलेला, माडावर सरसर चढणारा. त्यामुळे घरात सगळ्यांचा समज एकच झाला होता: काका मनानं खचलेत.

आमचा समज चुकीचा होता. आणि चूक फक्त आमचीच नव्हती. दर महिन्याला तपासणीत डॉक्टर विचारायचे, "काका, काही त्रास?" आणि काका म्हणायचे, "नाही डॉक्टर, बरं आहे." थकवा हा त्यांच्या लेखी त्रासच नव्हता. मूत्रपिंडं गेली, मशीन आलं, मशीनबरोबर गळाठा आला, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडून टाकला होता. शेवटी एकदा काकूच तपासणीच्या खोलीत गेल्या आणि डॉक्टरांना त्या चपलांचं सांगितलं. त्या महिन्यात रक्त तपासलं तर लोह तळाला गेलेलं आणि ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावरचं वजन, नव्यानं ठरवायला आलेलं. काकांची मूत्रपिंडं काही परत आली नाहीत, पण दोनेक महिन्यांनी ते घरी आल्या आल्या चपला काढून चहा मागू लागले.

हा लेख त्यासाठीच आहे. मुरूड, रेवदंडा, श्रीवर्धन, दिवेआगरपासून अलिबाग-उरणपर्यंत आपल्या किनाऱ्यावर घरटी नाही तरी गावटी कोणीतरी डायलिसिसवर असतं. त्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगायचं ते एवढंच, की डायलिसिसवरच्या माणसाला थकवा येतो हे खरं असलं तरी त्यातला बराचसा कारणांनी येतो, ती कारणं शोधता येतात आणि त्यांतली कितीतरी दूर करता येतात. मात्र शोध तेव्हाच सुरू होतो, जेव्हा तुम्ही बोलता.

डॉक्टरांच्या जगालाही हे उशिरा उमगलं. हेमोडायलिसिसच्या संशोधनात काय काय मोजावं हे ठरवण्यासाठी 'साँग' नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम झाला. त्यात डॉक्टरांबरोबर रुग्ण आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही विचारलं गेलं. शेवटी चार गोष्टी प्रत्येक अभ्यासात मोजल्याच पाहिजेत असं ठरलं: मृत्यू, हृदयविकार, सुया टोचण्याच्या रक्तमार्गाची अवस्था आणि थकवा. थकवा त्या यादीत आला तो मुख्यतः रुग्णांनी आग्रह धरला म्हणून. तो मोजायला तीन साधे प्रश्न ठरले. गेल्या आठवड्यात थकवा वाटला का? अंगात जोर नव्हता का? थकव्यामुळे रोजची कामं अडली का? उत्तर अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप, असं चार पायऱ्यांत द्यायचं. हे प्रश्न घरात विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

याला एक चौथा प्रश्न जोडा: डायलिसिस संपल्यावर पुन्हा नेहमीसारखं वाटायला किती तास लागले? कोणी दोन तासांत सावरतं, कोणी रात्री झोपून सकाळीच माणसात येतं. मोठ्या पाहण्यांत असं दिसलं आहे, की सावरायला बारा तासांहून जास्त लागणाऱ्यांना दवाखान्यात भरती होण्याची वेळ अधिक येते आणि त्यांच्या जिवालाही धोका अधिक असतो. म्हणून "लई दमायला होतं" यापेक्षा "घरी आल्यावर चौदा तास उठवत नाही" हे वाक्य डॉक्टरांना जास्त सांगून जातं. शाळेची एक शंभर पानी वही घ्या. तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, किती पाणी काढलं, आधीचं-नंतरचं बीपी आणि सावरायला लागलेले तास. एवढंच. महिनाभराच्या पानांवर नजर टाकली तरी कुठल्या दिवशी जास्त गळायला होतं हे कळतं.

बहुतेकांच्या वहीत एक गोष्ट दिसेल. ज्या दिवशी पाणी जास्त काढलं, त्या दिवशी माणूस जास्त गळाला. मूत्रपिंडं चोवीस तास थेंब थेंब जे काम करतात ते मशीन चार तासांत उरकतं. रक्तातलं पाणी वेगानं ओढलं, की आजूबाजूच्या पेशींतून ते तितक्या वेगानं परत भरून येत नाही. बीपी पडतं, पायात गोळे येतात, हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरं पडतं. घरी आलेला माणूस धुवून पिळून काढल्यासारखा असतो तो यामुळे. दर किलो वजनामागे तासाला १३ मिलिलिटरपेक्षा जास्त वेगानं पाणी काढणं हृदयाला जड जातं, असं साधारण मानतात. ५० किलोच्या माणसाचा हिशेब करा: चार तासांत २,६०० मिलिलिटर, म्हणजे अडीच लिटरच्या जरा वर. दोन डायलिसिसच्या मधे वजन चार किलो वाढवून गेलात तर ते चारही किलो त्याच चार तासांत ओढावे लागणार. तेव्हा दोन गोष्टी विचारता येतात: वेळ अर्ध्या तासानं वाढवता येईल का, आणि मशीनमधल्या द्रावणाचं तापमान अर्धा-एक अंश कमी ठेवून बघता येईल का. थोड्या गार द्रावणानं काहींचं बीपी टिकतं. थंडी वाजली तर चादर घ्यावी लागते, इतकंच.

पण मूळ उपाय घरच्या स्वयंपाकघरात आहे आणि तो पाण्यापेक्षा मिठाचा आहे. सलाईनच्या एक लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं. शरीरही तोच हिशेब पाळतं. दीडेक चमचा मीठ पोटात गेलं, की ते लिटरभर पाणी मागतं आणि धरून ठेवतं. तहान आवरणं हा मग मनाच्या ताकदीचा प्रश्न राहत नाही. आपल्या किनाऱ्यावर हे जास्त जपायला हवं, कारण पावसाळ्यात होड्या शाकारल्या की आपलं जेवण सुक्या मासळीवर येतं. सुकट, सोडे, वाकट्या, सुके बोंबील, खारवलेला बांगडा. भाकरीबरोबर सुक्या बोंबलाचा एक तुकडा भाजून खाल्ला तरी रात्री दोनदा उठून पाणी प्यावं लागतं, हे प्रत्येकाला माहीत आहे. डायलिसिसवरच्या माणसासाठी सुकी मासळी, लोणचं, पापड, मिरगुंडं बंद. दिवसाचं सगळं मीठ मिळून एका सपाट चमच्याच्या आत. चव हवी तर कोकमाचं आगळ घेताना बिनमिठाचं घ्या, लिंबू पिळा, आलं-लसूण-मिरची वाढवा. बाजारात 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ मात्र घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि डायलिसिसवरच्या माणसाला ते विषासमान आहे.

पाणी किती प्यायचं? दिवसभरात लघवी जितकी होते तितकं, अधिक अर्धा लिटर, हा साधारण नियम. डॉक्टर तुमचा आकडा सांगतील. पेज, सार, कढी, ताक, चहा, बर्फ हे सगळं पाण्यातच मोजायचं. सकाळी एका बाटलीत दिवसाचं पाणी भरून ठेवा आणि चहा प्यायलात तर तितकं पाणी त्या बाटलीतून ओतून टाका. काकूंनी हेच केलं. काकांची मधल्या दिवसांतली वजनवाढ साडेतीन किलोवरून दोनावर आली.

दुसरं मोठं कारण रक्ताचं. अस्थिमज्जेला तांबड्या पेशी तयार करायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडातच बनतं. मूत्रपिंडं गेली की हा निरोपच थांबतो. म्हणून 'एपो'ची इंजेक्शनं द्यावी लागतात. त्यात दर डायलिसिसला नळ्यांत थोडं रक्त राहून जातं, तपासण्यांना जातं, म्हणजे लोहही गळत राहतं. एपो चालू आहे आणि तरी हिमोग्लोबिन वर येत नाही, असं झालं तर फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या तपासण्या कधी केल्या ते विचारा. लोहाच्या गोळ्या या आजारात नीट लागू पडत नाहीत, त्यामुळे बहुधा मशीन चालू असतानाच शिरेतून लोह देतात. कुठे जंतुसंसर्ग मुरलेला असेल, कॅथेटरमध्ये, दातात, पायाच्या जखमेत, तरी एपो काम करत नाही. हिमोग्लोबिन १० ते ११.५ च्या आसपास ठेवतात. ते निरोगी माणसाइतकं वर नेण्याचे प्रयत्न पूर्वी झाले, पण त्यानं पक्षाघाताचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो असं दिसून आलं. म्हणून "डॉक्टर, चौदावर न्या" असा हट्ट धरू नका. रक्त चढवण्याची घाईही नको. पुढे प्रत्यारोपण करायचं असेल तर वारंवार रक्त चढवल्यामुळे शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं आड येतात.

आणि इथे शेजारीपाजारी, पाहुणेरावळे यांना हात जोडून विनंती. रुग्णाला भेटायला येताना रक्त वाढावं म्हणून खजूर, बीट, डाळिंब, आणि ताकद यावी म्हणून शहाळी आणू नका. या आजारातलं रक्त खजुरानं वाढत नाही. पोटॅशियम मात्र वाढतं, आणि ते मर्यादेबाहेर गेलं तर हृदय थांबतं. आपल्या वाडीतलं शहाळं म्हणजे आपल्या मायेचीच खूण, ते नाकारताना जिवावर येतं, हे मला कळतं. तरी नाकाराच. केळी, वालाच्या शेंगा, थंडीतली पोपटी, रसातल्या भाज्या यांचंही तेच. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून टाकलं तर पोटॅशियम बरंच कमी होतं. कमरख, म्हणजे आडवं कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं ते फळ, एक फोडही नको. त्यातलं विषद्रव्य निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही आणि ते मेंदूवर चढतं. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, असं काहीही होऊ शकतं.

उलट जे खायला हवं, तेच पुष्कळ घरांत बंद केलेलं असतं. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टरांनी "प्रोटीन कमी" सांगितलेलं असतं आणि मशीनवर गेल्यानंतरही घरचे तोच नियम चालवतात. डायलिसिसवर प्रथिनं कमी नाही, जास्त लागतात: दर किलो वजनामागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम. ती मिळाली नाहीत की स्नायू झिजतात आणि जिना चढताना मांड्या थरथरतात. ताजी मासळी आपल्या दारात आहे. शंभर ग्रॅम ताज्या मासळीत अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं मिळतात. पापलेट, रावस, ताजे बोंबील, बांगडा, तळण्यापेक्षा कालवणात, रस्सा आवरता ठेवून, मीठ बेतानं. अंड्याचा पांढरा भागही चांगला. आपली तांदळाची भाकरी आणि भात पोटॅशियमच्या दृष्टीनं सोयीचे आहेत. अलिबागचा पांढरा कांदाही जेवणात चालतो. मधुमेही असाल तर आणखी एक गोष्ट: मूत्रपिंडं गेल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर उतरते आणि घाम, थरथर, गळाठा येतो. त्याला डायलिसिसचा थकवा समजून झोपून राहू नका. साखर तपासा.

आता जरा कठोर बोलतो. आठवड्यातून तीनदा, चार चार तास, हे डायलिसिसचं नेहमीचं प्रमाण. आपल्याकडे पैसा आणि अंतर या दोन गोष्टींपायी कितीतरी जण दोनदाच करतात, साडेतीन तासांनी "सोडा आता" म्हणतात, आणि गणपतीत किंवा शिमग्यात एखादी पाळी चुकवतात. रक्तात साचलेली घाण हा थकवाच आहे. भूक मरते, तोंडाला चव राहत नाही, झोप लागत नाही. दर पाळीत रक्तातला युरिया किती टक्के उतरला ते 'यूआरआर'वरून कळतं. तो निदान ६५ टक्के हवा. फिस्टुला, म्हणजे हातातला सुया टोचण्याचा रक्तमार्ग, नीट चालत नसेल तरी हा आकडा घसरतो. हा आकडा तुमच्या फाइलमध्ये आहे का, एवढं विचारणं हा तुमचा हक्क आहे. पैशासाठी तीनाचे दोन करू नका: २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम चालू आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा.

अंतराचं दुखणं मात्र खरंच आपलं, किनाऱ्याचं. नांदगावहून काशीद, बोर्ली, कोर्लई, साळावचा पूल, रेवदंडा, चौल करत अलिबाग. जाताना झोप मोडून, येताना मलूल होऊन. यात थकवा थोडा तरी कमी करता येतो. शनिवारी मुंबईची गर्दी वडखळपासून तुंबते आणि अलिबागचे रस्ते भरून जातात. पाळी मंगळ-गुरू-शनि अशी असेल तर सोम-बुध-शुक्र मिळते का, हे विचारून ठेवा, एखादी जागा रिकामी होतेच. एका गावचे, एका वाटेवरचे दोन-तीन रुग्ण एकाच पाळीत आले तर गाडीभाडं वाटून जातं आणि परतताना पाय पसरून बसता येतं. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे, तिची कागदपत्रं आगारात विचारून घ्या. आणि नेफ्रॉलॉजिस्टना एकदा स्पष्ट विचारा, की पोटाचं डायलिसिस आपल्याला जमेल का. त्यात पोटात बसवलेल्या नळीतून दिवसातून तीन-चार वेळा द्रावण घरीच बदलायचं असतं. स्वच्छ कोपरा, धुतलेले हात आणि शिकायची तयारी लागते. प्रवास जवळजवळ संपतो, आणि पाणी हळूहळू निघत असल्यामुळे तो एकदम गळाठा येत नाही. केंद्र सरकारच्या डायलिसिस कार्यक्रमात २०१९ पासून त्याचाही समावेश आहे. प्रत्यारोपणासाठी मृत्युपश्चात अवयवदानाच्या प्रतीक्षायादीत नाव घालायचं असेल तर तेही लांबणीवर टाकू नका. बहुतेकांचा थकवा सर्वांत जास्त उतरतो तो प्रत्यारोपणानंतरच.

झोपेबद्दल थोडक्यात. रात्री पाय वळवळतात, खाज येते, घोरताना श्वास अडकतो, आणि मग दिवसभर डोळे मिटतात. या तिन्हींवर उपचार आहेत, सांगायला हवं. मनाचंही तसंच. आम्ही काकांना "मनानं खचलेत" म्हणत होतो ते चूक होतं, पण काही माणसं खरंच खचतात, आणि तेव्हा "धीर धरा" पुरत नाही. १४४१६ हा टेली मानसचा फोन चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

दमलेल्या माणसाला चालायला सांगणं क्रूर वाटतं, पण पडून राहिलं की स्नायू झिजतात आणि थकवा वाढतो. डायलिसिस नसलेल्या दिवशी सुरुवात पाच मिनिटांनी करा, दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. संध्याकाळी ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर चालणं सोपं जातं. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर अनवाणी अजिबात नको. छातीत दुखलं, दम लागला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. घरातली कामं सोडू नका, पण बसून करा. मासळी साफ करायला पाटाऐवजी टेबल-खुर्ची, आंघोळीला स्टूल. जड काम मधल्या दिवशी ठेवा.

काही थकवे मात्र वहीत लिहीत बसायचे नसतात. हातापायांतलं बळ अचानक जाणं, छातीत धडधड किंवा ठोके चुकणं, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, थंडी वाजून ताप, फिस्टुलाची हाताला लागणारी थरथर थांबणं, यातलं काहीही झालं तर रात्र असो की पाऊस, लगेच निघा. १०८ ला फोन करा.

पावसाचा उल्लेख केला, म्हणून शेवटचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर चढलं. झाडं पडून रस्ते बंद झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. दर मे महिन्यात तयारी करून ठेवा. आपल्या डायलिसिस केंद्राचा आणि जवळच्या दुसऱ्या एका केंद्राचा फोन कागदावर लिहून, तपासण्यांची शेवटची कागदं प्लास्टिकच्या पिशवीत, आठवड्याची औषधं हाताशी. घरात एपोचं इंजेक्शन असेल तर ते फ्रिजच्या थंडाव्यात राहावं लागतं. वीज गेली तर बर्फाच्या डब्यात ठेवा, पण बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं की वाया जातं. वाट बंद होऊन पाळी चुकली तर दिवसभरात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी नको, फळं-भाज्या-डाळी बाजूला, भात आणि भाकरीवर निभवा. आणि वाट मोकळी झाली की दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी मशीनपाशी पोचा.

ती शंभर पानी वही आजच आणा. पुढच्या तपासणीत "बरं आहे" म्हणण्याआधी ती डॉक्टरांसमोर उघडून ठेवा, आणि जमलं तर घरातलं कोणीतरी बरोबर न्या.